सुब्बानिन, वर्ग लिग्नन

सोमवार, २ सप्टेंबर २०२४. आवडी, मद्रासजवळ.

रोज सकाळी रक्तदाबाचा आकडा लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून नात संयुक्ता ही वही घेऊन आली. आजचा आकडा १५८/९४. एवढं लिहून पान संपत नाही, आणि मोकळं पान पाहिलं की मला उगाच काळजी वाटते. म्हणून उरलेल्या जागेत लिहितो आहे. मराठीत लिहितो, कारण या घरात मराठी बोलतात पण वाचत कोणी नाही. मुलगी कृष्णवेणी तमिळ शाळेत शिकली. जावई गिरिधर सरकारी फॅक्टरीत, त्यांचे सगळे कागद इंग्रजी. मला वडिलांनी तंजावरला पाटीवर बाळबोध अक्षरं गिरवून घेतली होती, तेवढी राहिली. आठवीत इंग्रजी आणि गणित दोन्ही गेलं, आणि मी मद्रासला येऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागलो. चौतीस वर्षं धुतली.

आज त्याच कॉलेजातून एक मुलगी आली. नाव रुचिरा, सांगलीकडची, पीएच.डी. करते. दारातच वाकून पाया पडली.

"सुब्बाराव आजोबा तुम्हीच ना? सुब्बानिनवाले?"

हे नाव या घरात वर्षातून एकदा निघतं, माझ्या वाढदिवसाला. भिंतीवर चौकटीत एक इंग्रजी कागद आहे, आमच्या प्रयोगशाळेतल्या रामस्वामी सरांचा निबंध. १९८७ साली सरांनी कोल्ली डोंगरातल्या एका वेलीच्या पानांतून नवा पदार्थ काढला. असल्या पदार्थाला झाडाचं नाव द्यायची रीत आहे. सरांनी दिलं माझं, अटेंडरचं. सुब्बानिन. तेव्हा सभेत लोक हसले होते म्हणे. सर हसले नव्हते.

कृष्णवेणीने कपातून कापी आणली. "बसा वो. कोठून आलात इतक्या उन्हात?"

रुचिरा हसली. "ताई, तुमच्याकडची मराठी बखरीतून आल्यासारखी वाटते."

"मग तुमची कोठून येते, टीव्हीतून?" कृष्णवेणी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

मी हसलो नाही. ती मुलगी कशाला आली हे मला कळायचं होतं. कप खाली ठेवून ती म्हणाली, "आजोबा, दोन वर्षं झाली. चार वेळा कोल्लीला जाऊन आले, पोतीच्या पोती पानं आणली. सुब्बानिन मला एकदाही मिळालेलं नाही."

बुधवार, ४ सप्टेंबर

१६२/९६. वाढला. गिरिधर म्हणाले मीठ कमी करा. मिठाने वाढलेला नाही.

तिने परवा सांगितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो. परदेशात झाडापानांतल्या पदार्थांची एक मोठी यादी आहे. त्यात प्रत्येकाला वर्ग असतो, शाळेत असतो तसा. सुब्बानिनचा वर्ग लिग्नन. आता यादीवाले जुनी नावं एकेक करून तपासत आहेत आणि त्यांनी आमच्या कॉलेजला विचारलं आहे, हा पदार्थ वेलीत खरोखर आहे का? असेल तर वर्ग राहील. नसेल तर यादीतून निघेल, किंवा खाली जाईल, झाडात नसलेल्या, माणसाच्या हाताने झालेल्या वस्तूंत. रुचिराचा प्रबंध यावरच आहे.

मी विचारलं, "लिग्नन म्हणजे काय गं? चौतीस वर्षं ऐकलं, विचारलं कधी नाही."

तिने कृष्णवेणीच्या बशीतले दोन मुरुक्कू उचलले. ती त्यांना चकली म्हणते. "हे सहा कार्बनचं कडं. याला तीन कार्बनची शेपटी. असे दोन तुकडे झाड बनवतं आणि जोडतं. शेपटीचा मधला मणी दुसऱ्या शेपटीच्या मधल्या मण्याला जोडला, तर लिग्नन. दुसरीकडे कोठे जोडला, तर निओलिग्नन. तिळातसुद्धा लिग्नन असतं, आजोबा."

"आणि सुब्बानिन?"

"जोड बरोबर मधोमध आहे. त्यात काही वाद नाही. पण त्याच्या डोक्यावर एक जास्तीची टोपी आहे, मिथॉक्सी म्हणतात. वेलीत मला मिळतं ते बिनटोपीचं. टोपीवालं फक्त तुमच्या सरांच्या बाटलीत होतं."

मी विचारलं, टोपी कोण घालतं. ती म्हणाली तेच तर शोधते आहे. मी मुरुक्कू खाल्ला नाही. दात दुखतो म्हटलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

रुचिराने कॉलेजला बोलावलं होतं. आवडीहून लोकलने गेलो. सुटे पैसे, गोळ्या, ओळखपत्र, सगळं दोनदा तपासलं, तरी स्टेशनावर वाटलं घरी गॅस चालू राहिला. कृष्णवेणीला फोन केला. ती म्हणाली, "अप्पा, गॅस मीच बंद केला. गाडीत बसा."

प्रयोगशाळा ओळखू आली नाही. माझा सिंक तेवढा जुनाच आहे. विभागप्रमुख सुनेत्रा मॅडम पुण्याच्या, रुचिराच्या त्या गाईड. त्यांनी मला खुर्ची दिली, शाल घातली, फोटो काढला. पुढच्या वर्षी विभागाचा सुवर्णमहोत्सव आहे. भिंतीवर मोठं चित्र लावलं आहे, सुब्बानिनचं, खाली सरांचं नाव. बाजूला काचेच्या पेटीत आमचं जुनं विसळणीचं रजिस्टर. सरांची शिस्तच तशी होती. क्रोमिक अ‍ॅसिडने धुतलेलं प्रत्येक भांडं ऊर्ध्वपातित पाण्याने सहा वेळा विसळायचं आणि किती वेळा विसळलं ते लिहून खाली सही करायची. माझं अक्षर मला लांबून ओळखू आलं.

मॅडम गेल्यावर रुचिराने स्टूल जवळ ओढलं.

"आजोबा, सरांनी पानं मिथेनॉलमध्ये भिजवली. मिथेनॉल टोपी घालू शकतं. पण एकटं नाही, सोबत थोडं आम्ल लागतं. एखादा थेंबसुद्धा पुरतो. म्हणून पहिली शंका मी हीच घेतली, भांड्यात अ‍ॅसिड राहिलं असेल का? तुम्ही किती वेळा विसळत होतात?"

"सहा वेळा," मी म्हणालो.

"दर वेळी?"

"रजिस्टरात लिहिलं आहे ना."

"लिहिलं आहे. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." तिने वहीत एक ओळ खोडली, सरळ रेघ मारून. "सुटले बाई. एक तरी रस्ता बंद झाला."

मी पाणी मागितलं. तिने आणलं. ते मी एका दमात संपवलं. ती म्हणाली उन्हाने.

मंगळवार, १० सप्टेंबर

१७०/१००. कृष्णवेणीला १५० सांगितला.

लिहितो. हे वाचणारं कोणी नाही.

१९८७ साली मद्रासला पाणी नव्हतं. नळ कोरडे. आम्ही ट्रिप्लिकेनला एका खोलीत राहत होतो, मी, माझी जयवंती आणि तीन महिन्यांची कृष्णवेणी. टँकर तीन दिवसांनी यायचा, पाणी तांबडं. जयवंतीला दूध नव्हतं, डब्याची पूड पाण्यात कालवून द्यावी लागे. शेजारच्या खोलीतलं मूल जुलाबाने गेलं. त्याला घेऊन गेले तेव्हा मी दारात उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित पाणी अडीच लिटरच्या बाटलीत भरून, धोतरात गुंडाळून, पिशवीतून घरी नेऊ लागलो. रोज एक बाटली. चार महिने.

उपकरणातून दिवसाला पडायचं किती? भांड्यांना उरायचं थोडंच. सहाच्या जागी मी एकदा विसळायचो. कधी तेही अर्धं. रजिस्टरात लिहायचो सहा, आणि सही करायचो. कोल्लीची पानं भिजवली त्या मोठ्या चंबूला तळाशी अ‍ॅसिडची पिवळी झाक होती. मी पाहिली होती. पानं हिरवीगार, कोणाला दिसणार, म्हणून वर ओतली.

नंतर सरांनी ऊर्ध्वपातनाचं दुसरं उपकरण आणवलं. गरज काय ते कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, कामं वाढली.

म्हणजे टोपी कोणी घातली ते मला ठाऊक आहे.

सांगितलं तर काय होईल? यादीतून नाव जाईल. ते जाऊ दे. सरांना लोक काय म्हणतील? आणि कृष्णवेणी? तिला सांगायचं की तू चोरीच्या पाण्यावर वाढलीस? गिरिधर सरकारी माणूस, एक स्क्रू घरी आणत नाही. नातीला शाळेत माझ्या नावाचा मान आहे. नाही. त्या मुलीला दुसरा रस्ता सापडेल. हुशार आहे.

बुधवार, २ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या.

सकाळी वडिलांना तर्पण केलं. हातावर तीळ, वरून पाणी. गुरुजी मंत्र सांगत होते आणि मी तिळांकडे पाहत राहिलो. यातही लिग्नन आहे. झाडाने केलेलं, कोणी टोपी न घातलेलं. गुरुजी म्हणाले, "सुब्बाराव, पाणी सोडा." दोनदा म्हणाले. पाणी माझ्या बोटांतून केव्हाच गळून गेलं होतं. पुन्हा घ्यावं लागलं.

रुचिराचा फोन तीन वेळा आला. घेतला नाही. संयुक्ता म्हणाली, "ताता, फोन का घेत नाही? कर्जवाले आहेत का?" तिला मस्करीच सुचते.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज ठरवून गेलो होतो की आधी सरांना सांगायचं. ते म्हणतील तसं करायचं. सर अण्णा नगरला राहतात. वय अठ्ठ्याऐंशी, पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीत. सर तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलतात, मी मराठीत लिहितो.

"एन्ना, काय रे सुब्बा, अजून जिवंत?"

"आहे सर."

"मीपण. दोघांनाही दुसरा उद्योग नाही." ओठाची एकच बाजू हसते.

मी म्हणालो, "सर, एक मुलगी वेलीत सुब्बानिन शोधते आहे."

"मिळणार नाही."

"का सर?"

"वेलीचं नाव का दिलं नाही मी त्याला? वेलीचं नव्हतंच ते. तुझं होतं."

"ते तुमचं मोठेपण, सर."

सरांनी चांगला हात हलवला, माशी हाकलावी तसा. मग मान खाली गेली. मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले, "त्या वर्षी पाणी नव्हतं. तुझं पोर कसं आहे?"

"सर, ती सदतीस वर्षांची झाली. तिची मुलगी दहावीत आहे."

"जगली ना? मग झालं." आणि डोळे मिटले. नर्सबाई म्हणाल्या, आता जा.

सरांचं डोकं आता चालत नाही. पदार्थ वेलीतून काढला हेच विसरले, आणि पाण्याचं नि पोरीचं एकात एक घालत होते. अशा माणसाला मी काय सांगणार? जाऊन उपयोग झाला नाही. परत येताना उलट दिशेच्या बसमध्ये बसलो, दोन थांबे गेल्यावर कळलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

फोन संयुक्ताने उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"आजोबा, रुचिरा. तुमच्या तब्येतीचं कळलं, त्रास देत नाही. एकच विचारते. परवा समितीपुढे गेले. मॅडम म्हणाल्या, रामस्वामी सरांना जे एका भिजवणीत मिळालं ते हिला दोन वर्षांत मिळत नाही, म्हणजे हिचे हात प्रयोगशाळेचे नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाल्या. महिनाअखेर फेलोशिप संपते. वाढवणार नाहीत."

मी काही बोललो नाही.

"तुम्ही तिथे होतात. तुमच्याशिवाय आता कोणी नाही. काहीही आठवत असेल. पानं कोठे वाळवली, काय घडलं, काहीही. मी चिडणार नाही, आजोबा. मला फक्त कळायला हवं."

कृष्णवेणी समोर भाजी चिरत होती. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "बाळ, फार वर्षं झाली."

"हो," ती म्हणाली. "खरं आहे. सॉरी."

१७४/१०२.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आकडा घेतला नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वादळ येणार म्हणून गिरिधर खिडक्यांना दोऱ्या बांधत आहेत. मी ठरवलं आहे. सांगणार. आधी रुचिराला, मग मॅडमना, मग घरात. घरात सगळ्यात शेवटी. आरशासमोर म्हणून पाहिलं: "मी एकदाच विसळत होतो." पहिल्यांदा आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला.

उद्या गाड्या बंद असतील म्हणतात. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. गाड्या सुरू झाल्या की जातो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

गेलो. रुचिराच्या जागेवर दुसऱ्याच कोणाचं दप्तर होतं. गेल्या शनिवारी वादळात, भर पावसात, पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती गेली. प्रबंध सोडला. कोणी म्हणालं सांगलीला गेली, कोणी म्हणालं मद्रासबाहेर ओरगडमला नोकरी धरली.

मी सुनेत्रा मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. पाणी, बाटली, एकदा विसळणं, चंबूची पिवळी झाक. सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. कृष्णवेणीचं नावसुद्धा घेतलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावलं.

"सुब्बाराव, बसा. तुम्हाला वाईट वाटतंय ती मुलगी गेली म्हणून. तुमचं मन मोठं आहे. पण तिच्यासाठी स्वतःवर आळ घेऊ नका."

"आळ नाही मॅडम. खरं आहे."

त्यांनी किल्ली काढली, शिपायाला काचेची पेटी उघडायला लावली आणि रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझीच."

"काय लिहिलं आहे?"

मला वाचून दाखवावं लागलं. सहा. सहा. सहा. पानभर सहा.

"सदतीस वर्षांपूर्वी, त्याच दिवशी, त्याच जागी लिहिलेला कागद खरा मानायचा, की आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी आठवलेली गोष्ट? कोणीही शास्त्रज्ञ काय म्हणेल, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "पानं असतील तर मी करून दाखवतो. एकदा विसळलेल्या चंबूत भिजवा. दोन दिवसांत कळेल."

"पानं टाकून दिली. बुरशी आली होती. प्रकल्प बंद झाला."

मग त्यांनी कापी मागवली आणि मला स्टेशनपर्यंत स्वतःच्या गाडीने पाठवलं. फार आदराने वागल्या. इतक्या मोठ्या बाई, पण राग नाही, काही नाही. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, मॅडमनी निरोप दिला आहे, हे घरी कोणाला सांगून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

म्हणून घरी सांगितलं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

रामस्वामी सर गेले. विद्युतदाहिनीपर्यंत गेलो होतो. सुनेत्रा मॅडमनी भाषण केलं, त्यात सुब्बानिन तीनदा आलं. लोकांनी मला पुढे ढकललं. कोणीतरी माझे हात हातात घेऊन म्हणालं, "या हातांनी झालं ते." मी हात सोडवून घेतले.

शुक्रवार, १० जानेवारी २०२५. वैकुंठ एकादशी.

घरी सांगितलं देवळात जातो. ओरगडमला गेलो. दोन बस बदलल्या. फोन तिने चौथ्या वेळी घेतला होता आणि फक्त एवढं म्हणाली होती, "अडीचला शिफ्ट सुटते. गेटासमोर चहाची टपरी आहे."

ती गाड्यांच्या रंगाच्या कारखान्यात आहे. पत्र्यावर रंग मारतात, तो किती दिवसांनी उडतो ते मोजते. करड्या रंगाचा डगला, केस जाळीत. मी ओळखलं नाही, तिनेच हाक मारली.

"आजोबा, एवढ्या लांब कशाला आलात? चहा घ्या."

आज उपास, तरी घेतला. नाही म्हणायचा धीर नव्हता. उभ्याउभ्याच सांगितलं. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य आधी म्हटलं, मग बाकीचं. तिने मध्ये काही विचारलं नाही. रस्त्यावरून नव्या गाड्या लादलेले ट्रक जात होते, मोठे आवाज करत, तेव्हा मला थांबावं लागे आणि पुन्हा सुरू करावं लागे.

मग तिने सॅकमधून ती वही काढली. अजून सोबत ठेवते, का ते विचारलं नाही. पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर तारीख, नऊ सप्टेंबर. पहिलीच ओळ, खोडलेली.

"पहिली ओळ, आजोबा. ही पहिली होती. खाली अकरा आहेत. वेगळा हंगाम, वेगळी माती, बुरशी, पानांचं वय. चार फेऱ्यांत आणलेल्या पानांवर अकराच्या अकरा करून पाहिल्या. ही केली नाही, कारण तुम्ही सांगितलं."

"हो."

"दोन दिवसांचं काम होतं. चंबू, मिथेनॉल, एक थेंब. सुब्बानिन वेलीत नाही, हाच माझा प्रबंध झाला असता. चांगला झाला असता. मॅडमना आवडला नसता, पण नाही म्हणता आलं नसतं."

मी म्हणालो, "मी लिहून देतो. इंग्रजीत कोणाकडून तरी लिहवून घेतो, सही करतो."

ती हसली. त्यात राग असता तर बरं झालं असतं. "तुमची सही, आजोबा?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आणि देणार कोणाला? माझ्याकडे वेल नाही, प्रयोगशाळा नाही. जाहीर करून बाहेर पडलेय मी, येत नाही मला म्हणून. आईला सांगितलंय. गावात सांगितलंय." मग म्हणाली, "नोव्हेंबरात फोनवर तुम्ही गप्प झालात ना, तेव्हा वाटलं होतं काहीतरी आहे. पण म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला किती छळायचं."

मी म्हणालो, "माझ्या पोरीला पाणी नव्हतं गं."

"हो. कळतं मला." तिने ग्लास टपरीवाल्याला दिला. "मी असते तर मीपण नेलं असतं. पाण्याचं काही नाही, आजोबा."

तिची बस आली. चढण्याआधी तिने वाकून नमस्कार केला, पहिल्या दिवशी केला होता तसाच. मी आशीर्वाद काय देणार? तोंडातून काहीतरी निघालं, ते ट्रकच्या आवाजात गेलं. बरंच झालं.

घरी कृष्णवेणीने विचारलं, "प्रसाद कोठे?" म्हटलं, गर्दी फार होती.

सोमवार, ३ फेब्रुवारी

संयुक्ता शाळेतून धावत आली. "ताता! तुमचं नाव!" फोनवर परदेशी यादी उघडलेली होती. तिने वाचलं, तमिळमध्ये अर्थ सांगितला. सुब्बानिन. वर्ग लिग्नन. वनस्पतिजन्य. तपासणी पूर्ण, नोंद कायम. खाली पुरावा म्हणून रजिस्टरचं एक जुनं पान जोडलं आहे, मॅडमनी पाठवलेलं. बोटांनी मोठं करून दाखवलं तिने. "हे तुमचं अक्षर ना? किती छान आहे!"

घरात सण झाला. गिरिधर बाहेर जाऊन मैसूरपाक घेऊन आले. कधी माझ्याशी दहा शब्दांवर बोलत नाहीत, आज हात हातात घेऊन म्हणाले, "अप्पा, आम्ही फॅक्टरीत तीस वर्षं काम करतो, एका बोल्टाला आमचं नाव नाही." कृष्णवेणी देवाजवळ दिवा लावून आली आणि माझ्या पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस पिकायला लागले आहेत तिचे. आता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलं. तिने त्यात मैसूरपाकाचा तुकडा घातला.

डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "अय्यो अप्पा, इतकं सुखसुद्धा सोसत नाही का तुम्हाला?"

मग तिने तंजावरला माझ्या चुलतभावाला, वसंतरावांना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. वसंतराव नव्वदीचे, बहिरे, म्हणून ओरडून बोलतात. घरभर ऐकू गेलं.

"सुब्बा! कुळाचं नाव काढलंस!"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, "थोरांचा आशीर्वाद."

"काय?"

"आशीर्वाद," मी ओरडलो. "तुमचा आशीर्वाद."

कृष्णवेणीने फोन घेतला, डोळे पुसले, आणि पुढच्या नातलगाचा नंबर शोधू लागली.